जुन्या कॅम्परचे इलेक्ट्रिक ब्रेक पिकअपला जोडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत घेतलेला १९८६ च्या सुमाराचा दोन ॲक्सलचा कॅम्पर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर), भरल्यावर साधारण ५,००० पौंड, चाकांना १० इंची इलेक्ट्रिक ब्रेक. ओढायला २००५ च्या आसपासचा शेव्हरोले सिल्व्हराडो. मागे सात पिनांचं सॉकेट कारखान्यातूनच आलंय, पण ब्रेक कंट्रोलर, म्हणजे पिकअपमधून कॅम्परच्या ब्रेकना करंट देणारा डबा, नाही. दिवे सगळे लागतात. कंट्रोलर कुठला घ्यावा आणि त्याची निळी, म्हणजे ब्रेकची, वायर कुठे जोडावी?

कंट्रोलर शेवटी घ्या. या कामातला तो सर्वांत सोपा भाग आहे. इतक्या जुन्या कॅम्परचे ब्रेक लागत नाहीत, ते बहुतेक वेळा ब्रेकमधल्या विद्युतचुंबकापर्यंत, म्हणजे मॅग्नेटपर्यंत, पुरेसा करंट पोचत नाही म्हणून, नाहीतर ड्रमच्या आत त्या करंटचा उपयोग करणारं काही शिल्लक नसतं म्हणून. नवा कंट्रोलर यातलं काहीच दुरुस्त करत नाही. तेव्हा आधी ड्रम उघडा, मग कॅम्परखालची ब्रेकची वायर पूर्ण नवी टाका आणि त्यानंतर पिकअपकडे वळा. जुन्या वायरीला ठिगळं लावत बसू नका. वायर, टर्मिनल आणि नळ्यांचा खर्च किरकोळ आहे, आणि उतारावर ५,००० पौंड मागून ढकलत असताना त्याचा हिशोब कोणी करत नाही.

दिवे लागतात म्हणजे वायरिंग चांगली, हा समज आधी सोडा. मागचा दिवा अर्धा-पाऊण अँपिअर घेतो. गंजलेल्या जोडातून, अगदी हिचच्या (कॅम्पर अडकवायच्या जोडाच्या) बॉलमधून अर्थ मिळाला तरी तो उजळतो. चार ब्रेक मिळून १२ ते १५ अँपिअर मागतात. जो जोड दिव्याला पुरतो तो इथे पार कोलमडतो.

प्रत्येक चाकाच्या बॅकिंग प्लेटवर, म्हणजे ड्रममागच्या स्थिर तबकडीवर, एक दांडा असतो आणि त्याच्या टोकाला तळहातात मावेल एवढा मॅग्नेट. करंट आला की तो फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट पृष्ठभागाला चिकटू पाहतो, ड्रम त्याला सोबत ओढत नेतो, दांडा वळतो आणि शू (लायनर, म्हणजे घर्षणाचा थर, लावलेले अर्धगोल तुकडे) फाकून ड्रमवर दाबले जातात. म्हणजे ब्रेकचा जोर ठरतो करंटवर आणि चाकाच्या फिरण्यावर. उभ्या गाडीत मॅग्नेट गुणगुणतो, तेवढ्यावरून ब्रेक लागतो की नाही हे कळत नाही. आणि पार्किंग ब्रेक म्हणून याचा काडीचा उपयोग नाही. कॅम्पर सोडवण्याआधी चाकांना उटी, म्हणजे अडवणारी पाचर, लावलीच पाहिजे.

ड्रमच्या आत

जॅक फ्रेमला लावा. ॲक्सलच्या नळीला मधोमध लावलात तर ती वाकते. उचलल्यावर जॅक स्टँड द्या, मगच चाक काढा. डस्ट कॅप, स्प्लिट पिन, नट, वॉशर, बाहेरचं बेअरिंग आणि मग ड्रम. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. ब्रेक क्लीनरने ओली करून फडक्याने टिपून घ्या.

आधी मोजा की ब्रेक खरोखर चारही चाकांना आहेत. खर्च वाचवायला एकाच ॲक्सलला ब्रेक दिलेले जुने कॅम्पर आढळतात. दुसऱ्या ॲक्सलच्या टोकाला चौकोनी फ्लँज आणि त्याला चार भोकं असली तर तिथे नवे ब्रेक बसवता येतात, आणि या वजनाला ते बसवावेतच.

लायनरची जाडी १/१६ इंचाच्या खाली गेली असेल तर तो संपला. त्यावर ग्रीस चढलं असेल तरीही संपला. कितीही धुतलं तरी मुरलेलं ग्रीस तापल्यावर पुन्हा वर येतं. मॅग्नेटच्या तोंडावर स्टीलची पट्टी आडवी धरून बघा. तोंड सपाट हवं. एका बाजूने जास्त झिजलं असेल तर दांड्याचं बुशिंग ढिलं झालंय. १० इंची ड्रमचा आतला व्यास १०.०९० इंचांपेक्षा जास्त भरला तर ड्रम बदला, घासून घेऊ नका.

इतक्या जुन्या सेटमधले सुटे भाग एकेक करून बदलण्यापेक्षा पूर्ण बॅकिंग प्लेट घ्या: शू, स्प्रिंगा, मॅग्नेट, ॲडजस्टर सगळं जोडून आलेली. ३,५०० पौंडांच्या ॲक्सलला १० बाय २¼ इंच, चार बोल्टांची. फक्त सुटे शू आणि मॅग्नेट घेऊन खर्च फारसा कमी होत नाही आणि जुन्या स्प्रिंगा तशाच राहतात. डाव्या आणि उजव्या प्लेटा वेगळ्या असतात: दांडा पुढच्या दिशेला आला पाहिजे आणि आखूड लायनरचा शू पुढे. अदलाबदल झाली तर ब्रेक लागतात, पण कमजोर लागतात, आणि मग माणूस महिनाभर वायरिंगमध्ये दोष शोधत राहतो.

ड्रम निघालाच आहे तर बेअरिंग धुवा, तपासा, नवं सील घाला, लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस भरा. बसवताना ड्रम फिरवत नट सुमारे ५० फूट-पौंडांपर्यंत आवळा, मग हब (ड्रमचा मधला भाग) न फिरवता नट पूर्ण सैल करा, पुन्हा फक्त बोटांनी टेकेपर्यंत आवळा आणि स्प्लिट पिन घाला. पान्याने आवळून तसाच ठेवलेला नट बेअरिंग जाळतो.

नव्या प्लेटा हाताने ॲडजस्ट कराव्या लागतात. प्लेटच्या खालच्या खाचेतून दातेरी चाक फिरवा, चाक हाताने फिरवणं फार जड जाईपर्यंत. मग उलट फिरवून इतकं सोडा की चाक मोकळं फिरेल आणि लायनरची हलकी घासट ऐकू येईल. ही पायरी गाळली तर मॅग्नेटचा दांडा पूर्ण वळूनही शू ड्रमपर्यंत पोचत नाहीत.

कॅम्परखालची वायर

काम सुरू करण्याआधी कॅम्परची १२० व्होल्टची केबल उपटा आणि बॅटरीचं निगेटिव्ह काढा. हे नुसतं सावधगिरीचं वाक्य नाही. घरगुती १२० व्होल्टमध्ये काळी वायर गरम (वीज असलेली) आणि पांढरी न्यूट्रल; कॅम्परच्या १२ व्होल्टमध्ये काळी पॉझिटिव्ह आणि पांढरी अर्थ. दोन्ही एकाच कॅम्परमध्ये, कधीकधी एकाच कप्प्यात असतात. आधीच्या मालकाने काय कशाला जोडलंय हे मीटर लावल्याशिवाय समजत नाही.

रंगांचा दुसरा घोळ ट्रेलरच्या वायरिंगमध्येच आहे. कॅम्परवाल्यांच्या पद्धतीत डावा इंडिकेटर लाल, उजवा तपकिरी, मागचे दिवे हिरवे. साध्या सामानाच्या ट्रेलरच्या पद्धतीत डावा पिवळा, उजवा हिरवा, मागचे दिवे तपकिरी. निळा ब्रेकला आणि पांढरा अर्थला, एवढंच दोन्हीकडे सारखं, आणि तेही कोणी मध्येच हात घातला नसेल तर. म्हणून रंग जुळवू नका, काम जुळवा. नवा सात पिनांचा प्लग घेतलात तर आतल्या स्क्रूंजवळची बारीक अक्षरं किंवा आकडे वाचून वायर लावा. प्लगची पुढची आणि मागची बाजू एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात. पुढून काढलेलं चित्र बघून मागून वायर लावली की डावं-उजवं उलटतं, आणि नशीब वाईट असेल तर ब्रेकच्या वायरीवर बॅटरी येते.

आता जाडी. १० इंची ब्रेकच्या एका मॅग्नेटचा रोध सुमारे ३.२ ओहम. चार समांतर म्हणजे ०.८ ओहम. पिकअपच्या पुढून मागच्या ॲक्सलपर्यंत ४० फूट धरा, परतीचे ४० फूट. जुन्या कॅम्परमध्ये हमखास सापडणाऱ्या १६ गेजच्या (आकडा जितका मोठा तितकी वायर बारीक) वायरीचा रोध १,००० फुटांना सुमारे ४ ओहम, म्हणजे ८० फुटांत ०.३२ ओहम. बॅटरीला १२.६ व्होल्ट असले तर मॅग्नेटला उरतात फक्त ९. तेच अंतर १२ गेजने केलं तर १०.९ आणि १० गेजने केलं तर ११.४ व्होल्ट पोचतात. हा फरक कंट्रोलरचा गेन (ब्रेकना किती जोर द्यायचा ते ठरवणारी मर्यादा) कितीही वाढवून भरून निघत नाही, कारण तो आधीच पूर्ण १२ व्होल्ट देतोय. एखाद्या गंजलेल्या जोडाचा रोध ०.३ ओहम असला तर तो एकटा हेच नुकसान करतो.

म्हणून प्लगजवळच्या जंक्शन बॉक्सपासून ॲक्सलपर्यंत १० गेजची, बाहेरून आवरण असलेली दोन वायरींची केबल टाका: एक ब्रेक, एक अर्थ. तिथून प्रत्येक चाकाला १२ गेजची शाखा. मॅग्नेटला दोन वायरी असतात आणि त्यांना पॉझिटिव्ह-निगेटिव्ह नसतं. कुठलीही एक निळ्याला, दुसरी पांढऱ्याला. दुसरी वायर जवळच्या फ्रेमला स्क्रूने अडकवून मोकळं होऊ नका. जुन्या कॅम्परमध्ये नेमकं तसंच केलेलं असतं आणि तो स्क्रू गंजलेला असतो. अर्थ स्वतंत्र वायरीने जंक्शन बॉक्सपर्यंत आणा आणि तिथे एकाच ठिकाणी, रंग खरवडून, रिंग टर्मिनल लावून फ्रेमशी जोडा.

जुन्या रचनेत एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे जाणारी वायर बऱ्याचदा ॲक्सलच्या नळीतून गेलेली असते. आत ती कशाला बांधलेली नसते. रस्त्याच्या हादऱ्यांनी ती नळीवर घासत राहते, आवरण जातं आणि कधी शॉर्ट होते, कधी तुटते. गाडी उभी असताना मीटरवर सगळं नीट, आणि खड्ड्यातून गेलं की कंट्रोलरवर शॉर्टची खूण: असा लपंडाव चालू असेल तर संशय पहिला या नळीवर घ्या. नवी वायर नळीतून ओढू नका. नळीच्या बाहेरून, लवचिक आवरणात घालून, क्लॅम्पने बांधून न्या. फ्रेमवरून ॲक्सलवर उतरताना पाट्यांची स्प्रिंग पूर्ण दबली आणि पूर्ण सुटली तरी ताणणार नाही एवढा ढिला फास ठेवा.

जोडांसाठी आतून चिकट द्रव सुटणाऱ्या हीट-श्रिंक नळीचे क्रिम्प कनेक्टर वापरा, आणि क्रिम्प करायला चांगलं रॅचेटचं हत्यार. पाती दाबून वायरीत खुपसणारे प्लास्टिकचे निळे-लाल कनेक्टर चाकांजवळ अजिबात नकोत; पहिल्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाच्या पाण्याने ते हिरवे पडतात. नुसतं सोल्डरही नको, कारण सोल्डर जिथे संपतं तिथे वायर हादऱ्याने मोडते.

ब्रेकअवे स्विच

कॅम्पर पिकअपपासून सुटला तर पिकअपला बांधलेली या स्विचच्या खुंटीची दोरी ओढली जाते आणि कॅम्परची स्वतःची बॅटरी थेट ब्रेकना जोडली जाते. स्विचची एक वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी निळ्या वायरीला. बस्स. जुना स्विच तपासत बसू नका, नवा लावा. आत पाणी जाऊन त्यांचे कॉन्टॅक्ट सडतात. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांवरच्या ट्रेलरला ब्रेक लागतात आणि त्यासोबत ब्रेकअवेही. नेमका आकडा राज्याप्रमाणे बदलतो, तो आपल्या राज्याच्या वाहन विभागाकडून बघा. व्यापारी गाड्यांच्या केंद्रीय नियमात सुटलेल्या ट्रेलरचे ब्रेक निदान १५ मिनिटं लागून राहिले पाहिजेत असं आहे. घरच्या कॅम्परलाही तीच कसोटी लावावी, म्हणजे बॅटरी चार्ज असलीच पाहिजे. दोरी पिकअपच्या फ्रेमला किंवा हिचच्या पक्क्या भागाला अडकवा, सुरक्षा साखळीला नाही.

खुंटी ओढून परीक्षा घेताना सात पिनांचा प्लग पिकअपमधून काढलेला हवा. नाहीतर बॅटरीचा करंट निळ्या वायरीतून उलटा कंट्रोलरमध्ये शिरतो आणि कंट्रोलर जाऊ शकतो.

हीच परीक्षा सगळ्या वायरिंगची सर्वांत खात्रीची तपासणीही आहे. बॅटरीजवळच्या ब्रेकअवेच्या वायरीला डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लावा (स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात, घेताना बघा) आणि खुंटी ओढा. साधा मल्टिमीटर मालिकेत लावू नका, त्याचा १० अँपिअरचा फ्यूज उडेल. एका मॅग्नेटमागे तीन ते साडेतीन अँपिअर धरा. चार ब्रेकना १२ ते १४ दिसले तर उत्तम. ९-१० दिसले तर एक मॅग्नेट तुटलाय. ६-७ दिसले तर एका ॲक्सलकडे जाणारी वायरच गेलीय. चारांनाही मिळून १० च्या खाली आणि प्रत्येकाला सारखंच कमी असेल तर सामाईक जोड किंवा अर्थ खराब. मग मागच्या चाकाच्या मॅग्नेटच्या दोन वायरींवर व्होल्ट मोजा. बॅटरीपेक्षा एक व्होल्टाहून जास्त उतार नको. ओहम मोजून हे काम होत नाही, कारण ०.८ ओहम मोजताना मीटरच्या वायरींचाच रोध ०.२-०.३ भरतो. मोजून झालं की खुंटी लगेच परत घाला. जास्त वेळ ठेवली तर मॅग्नेट तापतात आणि बॅटरी उतरते.

पिकअपची बाजू

कारखान्यातून सात पिनांचं सॉकेट आलेल्या पिकअपमध्ये डॅशखाली, ब्रेक पेडलच्या आसपास, कंट्रोलरसाठी जोडणी असते. त्या वर्षाच्या मॉडेलचा अडॅप्टर हार्नेस (तयार जोड-वायरींचा जुडगा) घेतलात तर वायर कापावी लागत नाही. पण त्या काळच्या बऱ्याच शेव्हरोले आणि जीएमसी पिकअपमध्ये बॉनेटखाली, फ्यूज-बॉक्सजवळ, ट्रेलरच्या वायरी टेप गुंडाळून नुसत्या सोडलेल्या असतात. त्या ठरलेल्या स्टडवर लावून फ्यूज घातल्याशिवाय डॅशखाली वीज येत नाही. कंट्रोलर लागला नाही म्हणून परत करण्याआधी तिथे बघा.

हार्नेस नसेल तर कंट्रोलरच्या चार वायरी अशा. काळी बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मध्ये आपोआप पुन्हा जोडला जाणारा सर्किट ब्रेकर: दोन ते चार मॅग्नेटना २० अँपिअरचा. पांढरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, डॅशखालच्या एखाद्या स्क्रूला नाही. लाल ब्रेक पेडलच्या स्विचला, पेडल दाबल्यावरच जिथे १२ व्होल्ट येतात त्या बाजूला. निळी मागच्या सॉकेटच्या ब्रेक पिनला. काळी, पांढरी आणि निळी निदान १२ गेज. कॅम्परच्या बॅटरीला चार्ज करणारी वायर या ब्रेकरवरून घेऊ नका. तिला वेगळी १० गेजची वायर आणि वेगळा ब्रेकर द्या.

लाल वायरीत एक चूक पुन्हापुन्हा होते. ती पेडलच्या स्विचऐवजी मागच्या दिव्याच्या वायरीला जोडली जाते, जिथे ब्रेक आणि इंडिकेटर एकत्र झालेले असतात. मग इंडिकेटर दिला की कॅम्परचे ब्रेक ठेक्यात लागतात. कंट्रोलर जोडून धोक्याचे चारही दिवे चालू करा. कंट्रोलरवर काहीच लुकलुकता कामा नये.

कंट्रोलर घ्यायचा तर प्रपोर्शनल घ्या, म्हणजे पिकअप किती वेगाने थांबतोय हे ओळखून तेवढाच जोर देणारा. टेकोन्शाचा पी-३ किंवा त्या वर्गातला कुठलाही चालेल. पेडल दाबल्यावर ठरावीक वेळेत ठरावीक जोर देणारे स्वस्त कंट्रोलर सपाट रस्त्यावर चालून जातात, पण घाटात आणि गर्दीत एकदा जास्त, एकदा कमी असे वागतात. बसवताना कोनाची मर्यादा आणि पुढची दिशा माहितीपत्रकाप्रमाणे पाळा, आणि हाताने ब्रेक लावायची कळ आसनावर बसून सहज हाताशी आली पाहिजे.

शेवटचं जुळवणं

नवे शू आधी घासून बसवावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० मैलांवरून २० मैलांपर्यंत वेग उतरेल असे २० ते ३० वेळा ब्रेक लावा, मध्ये थंड व्हायला पुरेसा वेळ देत. मग कॅम्पर सामानाने भरून, कोरड्या सपाट रस्त्यावर ताशी २५ मैलांनी जाताना फक्त कंट्रोलरची कळ पूर्ण दाबा. कॅम्परची चाकं जाम होत असतील तर गेन कमी करा, गाडी जेमतेम मंदावत असेल तर वाढवा. जाम होण्याच्या किंचित खाली थांबा. रिकाम्या कॅम्परला हाच गेन जास्त होतो, तेव्हा पाणी आणि सामान उतरवल्यावर तो पुन्हा लावा.

पहिल्या २०० मैलांनंतर दातेरी चाकं पुन्हा आवळा, कारण नवे लायनर बसले की अंतर वाढतं. पुढे दर ३,००० मैलांनी. पहिल्या लांबच्या प्रवासात थांब्यावर चारही हबचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा. एक हब इतरांपेक्षा बराच थंड असेल तर त्या चाकाच्या मॅग्नेटला करंट मिळत नाही. बराच गरम असेल तर शू घासतोय किंवा बेअरिंग घट्ट आहे, आणि ते तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.